जत्रेतला जवाब

थायलंडमधल्या खोन केनच्या रेडिओसाठी मी लोकगायक शोधत असे. विहाराच्या जत्रेत नावाजलेल्या उदोमचं गाणं टेप करायला गेलो होतो. मंचावरून त्यानं गाऊनच सवाल टाकला, "या गावात जवाब देणारी बाई उरली नाही? सगळ्या चुलीपाशीच बसल्या?" लोक हसले. माझ्यामागे कच्च्या पपईची कोशिंबीर उखळात कुटून विकणाऱ्या खामलाईमावशीनं बत्ता खाली ठेवला आणि जागेवरूनच सूर लावला, "आम्ही चुलीपाशी बसलो म्हणूनच तुझं पोट भरलं, लेकरा. आवाज तेवढा रिकामा राहिला." उदोमनं पुढचे सवाल टाकले; तिनं सगळे परतवले. अखेर तो हसत खाली उतरला. "मावशी, इतकी वर्षं कुठं होतात?" "इथंच. पपई सगळे मागतात, गाणं कुणी मागितलं नाही." "आज मी मागतो," म्हणत त्यानं माइक तिच्या हातात दिला. ती मंचावर चढली, आणि उदोम लोकांत मांडी घालून बसला.