दुपारचा चोर

"आयकू आला का गो?"

नामाने बाहेरून असा काही आवाज दिला की शेजारच्या टाइल्सच्या दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा वळून बघायला लागलं. दक्षता काचेच्या खोलीत उभी होती. खिडक्यांचे नमुने दाखवायला दुकानदाराने दुकानाच्या मधोमध ती खोली उभी केली होती. चारही बाजूंना वेगवेगळ्या चौकटी, वेगवेगळ्या काचा. आत सून, बाहेर सासरा.

"आलं, बाबा! सगळं आलं!" तिने आतूनच मान हलवली.

"मंग ही पन नको."

हर्षितचा चेहरा उतरला. माल दाखवायचं काम त्याचं. पहिली सरकती खिडकी काकांनी बाहेरून तळहाताने ढकलून पाहिली होती, ती सरकली आणि निकाल लागला. आता ही दुसरी गेली. दक्षता बाहेर आली तसा तो तिच्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, एक विचारू? काकांना तसंही ऐकू कमीच येतं. मग आवाज बंद करणारी खिडकी कशाला? साधी घ्या ना."

दक्षताला हसू आलं, पण तिने ते गिळलं. माणूस खोटं बोलत नव्हता. नामाने उमेदीची सगळी वर्षं आपल्या कोलशेत गावापासून दिवा गावापर्यंतच्या हळदींत बेंजोपार्टीचा ढोल वाजवला होता आणि कान तिथेच आहेर म्हणून देऊन आला होता. म्हणून तर आज सुनेला सोबत आणलं होतं. कान तिचे, निवड त्याची. स्वतःच्या बाहेरच्या खोलीला थाटाची खिडकी हवी असणार, दक्षताने मनातल्या मनात मांडून टाकलं. गल्लीत कुणाच्या तरी घरातून पितळेचा हंडा गेला होता, तेव्हापासून म्हातारा कड्याकोयंड्यांच्याच गोष्टी करत होता.

तिचा स्वतःचा हिशेब वेगळाच होता. ती रात्रपाळीची नर्स. सकाळी घरी यायचं, स्वयंपाक उरकायचा आणि दुपारी झोपायचं, असा बेत. पण तिच्या खोलीबाहेर ओटा, आणि ओट्यावर नामाचा दरबार. बहिरा माणूस जेवढं कमी ऐकतो तेवढं जास्त बोलतो, आणि तेही मैदानात सभा असल्यासारखं. परवा वॉर्डात तिच्या हातून एका पेशंटची गोळी दुसऱ्याला जायची, ती थोडक्यात वाचली. त्या दिवशी तिने ठाकुर्लीचा भाड्याचा फ्लॅट बघितला. संध्याकाळपर्यंत हो म्हणायचं होतं. नवरा जयेशही तयार होता, फक्त "बाबांना तू सांग" म्हणून शूरवीर कामावर निघून गेला होता. खिडकी ठरली की सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. नवी खिडकी घेऊन दिली की घर सोडल्याचं दुःख जरा हलकं होईल. देणंघेणं फिटेल.

"काका, आता ही बघा," हर्षितने शेवटचं अस्त्र काढलं. "दोन काचा, मध्ये हवा कोंडलेली. एसीचं बिल कमी येतं."

"एसी नाय आमचे घरा. दुपारचा उन थांबतं का?"

"थांबतं ना! खोली तापतच नाही. आणि लॉक बघा, चौकटीत तीन ठिकाणी बसतं. फक्त आतूनच उघडतं. बाहेरून चोराच्या बापाला उघडणार नाही."

नामाने पहिल्यांदाच मान डोलावली. खिडकी बाहेरून ढकलली. पुन्हा ढकलली. खांदा लावला.

हर्षितला आता चेव आला. "काका, एवढे घाबरता? चोर येतो की काय रात्रीचा?"

"रातचा नाय," नामा म्हणाला. "दुपारचा येतं. रोज."

हर्षित हसला. दक्षता पुन्हा आत गेली, खिडकीचा दांडा फिरवला. रस्ता, दुकान, शेजारचा टाइल्स कापायचा कर्रकर्र आवाज, सगळं कुणी तरी पुसून टाकल्यासारखं गेलं. बाहेर नामा ओरडत होता. गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, ओठ हलत होते. तिला काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. किती दिवसांनी इतकं शांत वाटलं होतं! क्षणभर तिने डोळेच मिटले.

ती बाहेर आली आणि त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "काहीच नाही आलं, बाबा. काय म्हणत होता?"

"रोजचाच. निजलीस का गो पोरी?"

दक्षताला आपली खोली आठवली. दुपारी डोळा लागतो न लागतो तोच सरकणारी ती खिडकी, त्यातून आत आलेलं ते तोंड, आणि तो प्रश्न.

"हीच दे रं," नामा हर्षितला म्हणाला. "हिचे खोलीला लावाची. रातभर लोकांची सेवा करतं पोर, न् दुपारी मी तिला निजू देत नाय. मना माझा आवाज कलत नाय, बाबा. ओट्यावरशी उठतो न् ती निजलेय का बघाला तिचीच खिरकी ढकलतो. चोर हाय तो मीच."

हर्षितने माप लिहायला पेन काढलं. दक्षताने सासऱ्याचा दंड धरला. मग हर्षितला म्हणाली, "दांडा जरा हलका बसवा. चहाच्या वेळेला मला ती उघडावी लागेल. बाबा ओट्यावर वाट बघत असतात."

पर्समध्ये फोन थरथरला. जयेशचा मेसेज होता: "बाबांना सांगितलंस का?"

तिने लिहिलं: "ठाकुर्लीला नाही म्हणून कळव. शांत घर कोलशेतलाच मिळालं."