आठवड्याचं मटण

वृद्धाश्रमाची स्वयंपाकीण दर सोमवारी आठवड्याचं मटण मुरवून, पिशव्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायची. त्या सोमवारी तिने मटणाचं पातेलं उघडलं आणि सडका वास आला. "साहेब, हे नासलंय," तिने मॅनेजरला सांगितलं. "मागच्या महिन्यात असल्याच मटणाने चारजण आजारी पडले, एक आजी अजून अंथरुणातच आहेत." मॅनेजर मोबाइलमधून डोकंही वर न काढता म्हणाला, "दही, आलं-लसूण सढळ हाताने लावा, वास मरतो. पिशव्यांवर आजची तारीख टाका." "एक तुकडा शिजवून देते. आधी तुम्ही खा." "मी घरून डबा आणलाय." तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने मोरीजवळची फिनेलची बाटली उचलली आणि पातेल्यात उपडी केली. "उद्यापासून यायचं नाही," तो ओरडला. "नाही येत. पण आज आजी-आजोबांना उपाशी ठेवून जाणार नाही," म्हणत तिने अंडी उकडायला ठेवली.