मागच्या व्हरांड्याची टाइल

कौसल्याबाई टाइल्सच्या दुकानात शिरल्या त्या परात आणि कणकेचा डबा घेऊन. लोक येताना घराचा नकाशा आणतात, फार तर मोबाइलमधले फोटो. या बाईंनी भिजवलेली कणीक आणली होती, तीही ओल्या फडक्यात गुंडाळून. मुलगा प्रशिक ओळख नसल्यासारखा दोन पावलं लांब उभा राहिला. सून भावना मात्र डबा धरायला पुढे झाली.

नंदनवन वस्तीतलं त्यांचं घर बांधून होत आलं होतं. सगळ्या खोल्यांच्या टाइल्स ठरल्या होत्या, राहिला होता फक्त मागचा व्हरांडा. तिथे कपडे वाळत घालण्यापलीकडे काही होणार नाही, तेव्हा साधी सिरॅमिक पुरे, असं प्रशिकनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कौसल्याबाईंना तिथे चूल मांडायची होती. उलट्या माठावर भाजलेल्या त्यांच्या लांब रोट्यांशिवाय आसपासची लग्नं लागत नव्हती. त्या रोटीची कणीक नुसती मळून भागत नाही. ती परातीत आपटावी लागते, बोटांवर ओढणीसारखी लोंबेपर्यंत. म्हणून त्यांना मजबूत पोर्सेलीन हवी होती. सिरॅमिक बसली की आपल्या रोट्या बंद, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

"आई, आता बस झालं न," प्रशिक दबक्या आवाजात म्हणाला. "लोकं काय म्हणतीन? पोरगा कमावते, अन् माय रोट्या करून राहिली."

"काय म्हणतीन? कौसल्याची रोटी मलमलीसारखी पातळ हाय म्हणतीन. आतापर्यंत तेच म्हणून राहिले."

त्यांनी दुकानदार केशवभाऊंकडून दोन्ही टाइल्स मागून घेतल्या आणि जमिनीवर शेजारी शेजारी ठेवल्या. सिरॅमिकवर परात ठेवली, पदर खोचला, मांडी घातली आणि कणकेचा गोळा डोक्यावर नेऊन आपटला. दुकान दणाणलं. आणखी एकदोनदा आपटल्यावर खालून टक् आवाज आला. परात उचलून पाहतात तो टाइलचे दोन तुकडे.

"काकू, खाली सिमेंट नाही न!" केशवभाऊ कळवळले. "बसवल्यावर अशी नाही फुटत ते."

"खरं हाय तुमचं. पण सिमेंट तर हिच्याखालीही नाही," म्हणत कौसल्याबाईंनी परात पोर्सेलीनवर सरकवली.

मग त्या थांबल्याच नाहीत. बाथरूमच्या टाइल्स बघणारी माणसं त्या सोडून इकडे जमली. एक आजोबा खुर्ची ओढून बसले. कणीक लोण्यासारखी झाली, कौसल्याबाईंच्या कपाळावरून घाम ओघळला, टाइल मात्र ढिम्म. कुणीतरी टाळी वाजवली.

प्रशिक हरला होता, पण हट्टाला पेटला होता. "बरं, घेऊ हेच. पण तुह्या मागं हे कोण करन? भावना करन का?"

कौसल्याबाईंचा हात हवेतच राहिला. भावना बँकेत नोकरीला. हा प्रश्न त्यांनी स्वतःलाही विचारला होता आणि दर वेळी तसाच गिळला होता. आता चारचौघांत तो बाहेर पडला आणि त्यांना फार लागला.

भावनानं मोबाइल आणि पर्स प्रशिकच्या हातात दिली. ओढणी कमरेला बांधली आणि सासूच्या शेजारी बसकण मारली.

"द्या इकडे, आई."

तिनं गोळा उचलला, आपटला. अर्धा परातीत पडला, अर्धा प्रशिकच्या बुटावर. सगळं दुकान हसलं. कौसल्याबाई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतकं बरं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"खांद्यातून आपट वं, मनगटातून नाही. पुन्हा."

या वेळी आवाज बरोबर आला.

प्रशिकनं बूट पुसला. दोघींकडे बघता बघता त्यालाही हसू आवरेना. मग त्यानं केशवभाऊंकडून टेप मागून घेतला आणि सगळ्यांसमोर गुडघे टेकून दोघींच्या बसण्याची जागा मोजायला लागला, आईच्या गुडघ्यापासून बायकोच्या गुडघ्यापर्यंत.

भावना संकोचून जरा आत सरकली.

"आखडून काहून बसतं वं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "तो माप घेऊन राहिला. पसरून बस."