खोड: दावं तोडते

“सर, माझ्यात चांगलं काय हाय?”

स्टाफरूमच्या खिडकीखाली दडून बसलेल्या मैत्रिणीनं, राजेश्रीनं, तोंडात ओढणी कोंबली. सुकेशनीनं हे विचारून दाखवलं तर नरसिंहाच्या देवळापुढची भजी, अशी पैज लागली होती. गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीला ‘हजर’सुद्धा पुटपुटायची. यंदा तिला थांबवायला घंटा वाजवावी लागते.

योगीराज सरांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न कुठल्याच धड्याखाली नव्हता.

“कशाला पायजे?”

“पुण्याच्या कॉलेजला शिफारसपत्र लागतंय. गुण लिहायचे, अन् एक दोषबी.”

“दाखल्यावर लिहितो की आमी, ‘वर्तणूक चांगली’.”

“ते दोनच शब्द झाले, सर.”

सरांनी घाम पुसला. “तूच लिहून आण. मी सही करतो.”

घरी सुकेशनी अंगणात वही घेऊन बसली. ‘सुकेशनी ही हुशार व होतकरू’ इथंच पेन अडकलं. स्वतःची तारीफ करायची म्हणजे आपलीच पाठ खाजवायची. हातच पोचत नाही. त्यात आबांनी आधीच बजावलेलं, “कॉलेज परभणीला. त्याच्या पुढं एक पाऊल न्हाई.” अन् तिच्या बापाचा, मुंजाजीचा, शब्द एकदा गेला की फिरत नाही, हे अख्ख्या पोखर्णी गावाला ठाऊक.

आबा तेव्हा फोनवर होते. भुरी शेळी विकायला काढली होती.

“आवाज खणखणीत. खायचा नखरा न्हाई. कळपात सगळ्यात पुढं चालती. दोन टायमाचं दीड लिटर दूध. अन् खोड आधीच सांगतो, मागून बोंब नको. दावं तोडती.”

गिऱ्हाइकानं फोन ठेवला. आबा हिरमुसले. सुकेशनीचं पेन मात्र सुसाट सुटलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पत्र वाचलं. ‘आवाज खणखणीत. खाण्याचा नखरा नाही. कळपात सर्वांत पुढे चालते. खोड: दावे तोडते.’ मधली दुधाची ओळ खोडली होती, तरी वाचता येत होती. सरांची मिशी थरथरली.

“गेट बंद झाल्यावर भिंतीवरून उडी मारून आलेली तूच ना?”

“हो, सर.”

“मग खरं हाय सगळं.” सरांनी सही ठोकली.

फॉर्म गेला. संपर्कासाठी नंबर आबांचा, कारण घरात फोनच तेवढा एक.

दहा दिवसांनी तो वाजला. आबा पाला टाकत होते, हात गुंतलेले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“आवाज खणखणीत, नखरा नाही, दावं तोडते. हे खरं आहे का हो?” पलीकडून एक बाई हसत विचारत होत्या.

“शंभर टक्के खरं, ताई. पण सांभाळाल का? लय उधळती.”

“आम्हाला अशीच हवीय. सोमवारी पुण्याला पाठवाल?”

“पाठवली समजा. मुंजाजीचा शब्द हाय.”

फोन ठेवून आबांनी भुरीचं दावं सोडलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला. “जा बाई. लांब असलं तरी चांगलं ठिकाण घावलं तुला.” आईनं डोळ्याला पदर लावला.

सुकेशनी पुढं झाली. भुरीचं दावं तिनं परत खुंट्याला बांधलं. चांगली गाठ मारली.

“आई, आबा, भुरी कुठं जात न्हाई. कॉलेजचा फोन होता तो. सोमवारी मी जाणार.”