सावडीचे बैल

ऊस पिळायच्या चरकाला चार बैल लागतात. दत्तोबाच्या दावणीला दोन होते, उरलेले दोन यायचे होते. ते कालपासून यायचेच होते.

काटेवाडीत सगळ्यांचं असंच चालायचं. आज तुझ्या गुऱ्हाळाला माझी जोडी, उद्या माझ्या गुऱ्हाळाला तुझी. याला सावड म्हणत. यंदा दत्तोबाची जोडी चार दिवस महिपतीच्या चरकाला फिरली आणि पाच दिवस आबासाहेबांच्या. आता दत्तोबाचा ऊस तोडून चरकाशेजारी पडला होता, आणि अंथुर्ण्याहून बोलावलेला गुळव्या सावळाराम त्याच ढिगावर बसून विडी ओढत होता.

"मालक, आज रस न्हाय निघाला तर ऊस आंबंल," तो म्हणाला. "मग गूळ धरायचा न्हाय. आन् उद्या मी वरकुट्याला चाललो."

बैल न येण्याचं कारण गावाला ठाऊक होतं. गेल्या आठवड्यात निवडणूक झाली. यंदा एकेकाला एकाहून जास्त मतं होती. दत्तोबानं एक मत टोपीवाल्यांना, म्हणजे काँग्रेसला दिलं, कारण शेतसारा कमी व्हावा असं त्याला मनापासून वाटे. दुसरं पटकेवाल्यांना, म्हणजे सरकारशी जमवून घेणाऱ्या जुन्या मंडळींना दिलं, कारण पाटाचं पाणी सरकारनं आणलं आणि ते कुणाच्या भांडणात बंद पडू नये, असंही त्याला तितकंच मनापासून वाटे. इथवर काही बिघडलं नव्हतं. चावडीवर कुणीतरी विचारलं आणि त्यानं हे सगळं खरं सांगितलं, तिथं बिघडलं.

दत्तोबा टोपी घालून महिपतीकडं निघाला.

"आबासाहेबांकडं बी जावं लागंल न्हवं?" मुक्ताबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं. त्यानं पटका गुंडाळून काखेत मारला.

महिपती गोठ्यात वैरण टाकत होता. दत्तोबा म्हणाला, "जोडी न्हाय आली."

"न्हाय आली," महिपतीनं कबूल केलं. "काखंत काय हाय?"

दत्तोबानं काख आवळली. "पटका."

"मग ज्याचा पटका त्याची जोडी."

"अरं, तुमच्या माणसाला मत दिलंय की मी!"

"एकच."

"माझी बैलं चार दिस हितं राबली, महिपती."

"तवा ती काँग्रेसची बैलं हुती. आता कुणाची हायती, आमाला काय ठावं?" महिपती वैरणीकडं वळला. त्याचे बैल मात्र दत्तोबाला ओळखून मान हलवत होते. त्यांना अजून कुणी समजावलेलं नव्हतं.

वाटेत बाभळीआड उभं राहून दत्तोबानं टोपी खिशात घातली आणि पटका बांधला. घाईत तो जरा वाकडा बसला.

आबासाहेबांनी त्याला ओसरीवर घोंगडी टाकून बसवलं आणि आत चहा सांगितला. "जोडी आत्ता धाडतो. न द्यायला काय झालं? आयतवारी बारामतीत आपली सभा हाय. तितं उभं ऱ्हायचं आन् एवढंच म्हणायचं, टोपीवाल्यांनी मला फशिवलं."

दत्तोबानं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. तीन शब्दांचं होतं. उसाचा अख्खा ढीग त्या तीन शब्दांवर तोलला गेला असता.

"आबा, पर फशिवलं न्हाय वो त्यांनी."

"मग आमी फशिवलं म्हना."

"तुमी बी न्हाय फशिवलं. मला दोनी पटलं, म्हून..."

"दोनी," आबासाहेब म्हणाले. ते रागावले नाहीत. आजारी माणसाकडं बघावं तसं त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि आत हाक दिली, "अगं, च्या ऱ्हाऊ दे."

दुपारी चरक फिरू लागला. दांडीला पुढं दोन बैल होते आणि मागं दत्तोबा आणि मुक्ताबाई छाती लावून रेटत होते. एक कांडं पिळायला एक फेरा पुरत नव्हता. सावळारामनं रसाचं भांडं पाहिलं, उसाचा ढीग पाहिला आणि चुलाण पेटवायचा विचार सोडून दिला.

घाम डोळ्यांत उतरला तसा दत्तोबानं पटका सोडून ढिगावर फेकला. मग टोपी घातली. तीही भिजून डोळ्यांवर आली, तेव्हा तीही फेकली आणि उघड्या डोक्यानं रेटू लागला.

रस्त्यानं एक बैलगाडी चालली होती. गाडीवाला परगावचा दिसत होता. भर दुपारी बोडक्या डोक्याचा बाप्या आणि शेजारी तोंडाला पदर लावून खाली मान घातलेली बाई पाहून त्यानं कासरा ओढला, खाली उतरला आणि हलक्या आवाजात विचारलं, "पाव्हणं, घरातलं कोन गेलं वो?"

दत्तोबाला सांगायचं होतं. पण दांडी थांबली असती तर बैल पुन्हा हलले नसते. तो तसाच पुढं गेला. फेरा पुरा करून परत त्या बाजूला आला, तेव्हा गाडीवाल्यानं स्वतःचंही मुंडासं उतरवून दोन्ही हातांत धरलं होतं.