किनाकोचे लाड

माझ्या हॅमस्टरच्या, किनाकोच्या, पाठीवरचे केस गेले होते. टक्कल बरोबर अंगठ्याच्या आकाराचं.

डॉक्टर ओनोदेराबाईंनी त्याला भिंगाखाली तपासलं. "किडे नाहीत, बुरशी नाही. अगं, किती कुरवाळशील? घरात लाड करायला दुसरं कुणी नाही वाटतं?"

"एकटीच राहते मी. आणि हा मला हात लावू देत नाही, चावतो. पिंजऱ्याबाहेर काढायचा तरी मगात घ्यावा लागतो."

"मग एवढं घासलं कुणी?" त्या हसल्या आणि त्यांनी मलम दिलं.

घरी मलम लावलेला कापसाचा बोळा पुढे केला, तर किनाको नेहमीसारखा अंगावर आला. मी नाद सोडला आणि खाली शेगडी असलेल्या बुटक्या मेजावरच्या रजईत पाय घालून बसले. बाहेर बर्फ पडत होता.

थोड्या वेळाने पाहिलं, तर किनाको डोळे मिटून पसरला होता. त्याच्या पाठीवरचे उरलेसुरले केस मानेपासून खाली दबत जात होते. उठत होते, पुन्हा दबत होते. सावकाश, मायेने.

मी ओरडायला हवं होतं. पण माझ्या डोक्यावरून असा हात शेवटचा कुणी फिरवला, ते मला आठवेना. मी पिंजऱ्याला डोकं टेकवलं.

किनाकोच्या पाठीवरची हालचाल थांबली. त्याने डोळे उघडले आणि माझ्या डोक्याच्या जरा वर पाहिलं.