चाळीस अंश

वर्षाराणी मॅडमनी सहीसाठी पेन उघडलं आणि सोमशेखरच्या तोंडून निघून गेलं, "थांबा मॅडम. त्यातली एक नोंद खोटी आहे."

समोर दम्याच्या फवाऱ्याचा अहवाल होता. डबे सहा महिने चाळीस अंशांच्या कपाटात ठेवायचे, गळतात का, प्रत्येक दाबाला औषध नेमकं येतं का ते तपासायचं, मगच माल बाजारात. कपाट मध्येच बंद पडता कामा नये. पडलंच तर तसं लिहायचं. मॅडमचं एकच सांगणं असे, चुकीला माफी आहे, खोट्या आकड्याला नाही.

सोमशेखरनं मान खाली घालून सगळं सांगितलं. खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, तो दुपारपाळीला आला, तर कपाट थंडगार. दारावर झेंडूची माळ, बटणाशेजारी कुंकवाचं बोट. हे काम आकाराममामांचंच, दुसऱ्या कुणाचं? मामा प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. म्हाताऱ्याच्या पोटावर पाय नको म्हणून त्यानं कपाट चालू केलं आणि नोंदवहीतल्या सकाळच्या रिकाम्या रकान्यांत चाळीस, चाळीस, चाळीस लिहून टाकलं. संध्याकाळी मॅडमनी त्या पानावर नेहमीसारखी सही केली, तेव्हा त्याला मान वर करवेना. तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. उद्या गगनबावड्याच्या कुणा म्हातारीला दम लागायचा आणि फवारा ऐनवेळी दगा द्यायचा.

बोलून झालं आणि त्याला दुप्पट लाज वाटली. स्वतःचं ओझं उतरवताना त्यानं मामांना तोंडघशी पाडलं होतं. निदान पाठीमागे बोलायला नको, म्हणून त्यानंच मामांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर पुन्हा सगळं सांगितलं.

मामा रागावले नाहीत. नुसते बुचकळ्यात पडले.

"मी? मला कपाटाला हात लावायची बंदी हाय की. मी दारातनंच पाया पडलो. माळ तर आदीच घातलेली हुती. मला वाटलं, तुमीच घातलीसा."

"मी दुपारी आलो, मामा."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. एरवी पुस्तकी बोलणाऱ्या मॅडम टेबलाच्या कडेकडे बघत होत्या.

"कबनूरच्या विणकराघरची हाय मी," त्या म्हणाल्या. "आमच्यात माग बंद केल्याबिगर त्याला कुंकू लावत न्हाईत."